चाळीस सेकंद उभं राहिल्यास

उद्यमबागेत, फौंड्रीशेजारच्या गाळ्यावर
मी दिवसभर भिंतींवर डोकं आपटते.
माझं नाही, एका योद्ध्याचं.
दोनशे वेळा डावीकडून, दोनशे वेळा उजवीकडून.
भिंत कुठे पोकळ आहे, तो कुठून आरपार
निळ्या शून्यात पडतो ते बघायचं
आणि लिहून ठेवायचं: पायरी एक, पायरी दोन,
अपेक्षित काय, घडलं काय.
पगार सात तारखेला, म्हणजे दहाला.

ऑफिसात मला सगळे क्यूए म्हणतात.
इराण्णा कोड लिहितो,
शिव्या कन्नडमध्ये देतो, माफी मराठीत मागतो.
शमशादनं बर्फाचा डोंगर रंगवलाय;
तिनं बर्फ पाहिलाय तो फ्रीजमधला.
त्यावरून योद्धा चालतो तेव्हा
पायाखाली जे करकरतं ते माझं:
खडेबाजारातले दोन किलो चिरमुरे
उशीच्या अभ्र्यात भरून अनवाणी तुडवलेले.
तलवार म्हणजे खानावळीतला झारा.
राक्षसाचा श्वास, तिसऱ्या गेटला
गाडी जाईपर्यंत बंद न केलेला टेम्पो.

संगीताला माणूस ठेवायला पैसे नव्हते.
"तू घरी कायतरी वाजवूलालीस न्हवं?"
इराण्णानं विचारलं.

वाजवत होते. रात्री, वडगावात, मावशीकडे,
हेडफोनचा एक कान चिकटपट्टीनं बांधून.
भिंतीपलीकडे चार माग, खटॅक-खट, खटॅक-खट,
सात मात्रा, आणि धोटा दमला असेल तर
वर अर्धी.
त्यावर पेटीचे दोनच सूर (तिसरा फुटका),
आणि घंगाळाच्या काठावरून गज ओढून
एक लांब कण्हणं.
शेवटाचं टोक सुरुवातीला असं जोडायचं
की गाठ बोटाला लागू नये.
हे मावशीनं शिकवलं, साडीवर.

परवा तपासताना हात थांबला.
योद्धा पुलावर उभा, बर्फ पडतोय,
ठरल्याप्रमाणे एकेक थर विझत गेला:
आधी पेटी, मग घंगाळ,
मग नुसता माग.
मी कापून दिलेला तुकडा छत्तीस सेकंदांचा.
इराण्णानं घाईत आख्खी फाईल टाकली होती.

एकोणचाळिसाव्या सेकंदाला
करंट गेला.
वडगावातला, गेल्या मार्चमधला.
माग जागच्या जागी थिजले
आणि लांबून, भांड्यांच्या मागून, मावशी:
"मंगल गे, जेवाय ये की. भाकरी निवूलालीय."

मंगल माझं नाव.

पायरी एक: पुलावर या.
पायरी दोन: काही करू नका.
अपेक्षित: संगीत चालू राहावं.
घडलं:

इथं कर्सर बराच वेळ लुकलुकला.
शेजारी दुसरी पाळी सुरू झाली,
टेबलावरच्या चहाला वर्तुळं आली.
खेळ संपला की नावं सरकतात;
मालकाचा मेव्हणा आहे त्यात,
मालकाचा कुत्रासुद्धा आहे, ब्रूनो.
मी 'आणि इतर'मध्ये.
मी चारही ओळी पुसल्या.

पण इराण्णा काही मूर्ख नाही.
आज दुपारी खुर्ची ओढत आला.
"पुलावरचं त्ये तू लिवली न्हाईस."
"न्हाई."
त्यानं माझे हेडफोन घातले, पट्टीसकट,
योद्ध्याला पुलावर उभं केलं
आणि कळफलकावरून हात काढून घेतले.
एकदा. मग पुन्हा.
तिसऱ्यांदा ऐकताना हळूच म्हणाला,
"आमची अव्व. ऊटक्क बा, ऊटक्क बा.
सातदा हाका मारूपर्यंत मी जातच न्हवतो."

मग स्वतःच नोंद केली, क्रमांक चारशे बारा,
आणि तिथल्या तिथे बंद केली.
शेरा: दुरुस्ती नको.
दीड वाजून गेला होता.
डबा उघडता उघडता म्हणाला,
तुझ्या मावशीला विचार,
मीठ जरा जास्त पडतं का तिच्याकडनं;
आवाजावरनं वाटतं.