कोरी बांधणी

ओतमारचं पाकीट शुक्रवारी आलं.
अकरा ताव, जाड, पांढरे.
रंग नंतर. रंगानं चुका झाकतात,
म्हणून पहिली बांधणी कोरीच करायची,
हे आमचं सोळा वर्षांपूर्वी ठरलंय
तेप्लिचेच्या स्टेशनावर, गाडी चुकली तेव्हा.

तो काढतो, मी कापते.
तो म्हणतो, जुळेल.
मी म्हणते, बघू.

या खेपेला ओल्शिन्काचं चर्च.
ओल्शिन्का आता नकाशात नाही.
खाली कोळसा निघाला, कचेऱ्यांतून कागदी घोडे नाचले,
आणि दोन हिवाळ्यांत गावाचा खड्डा झाला,
इतका खोल की तळातली यंत्रं
इथून खेळण्यासारखी दिसायची.
ओतमारकडे त्या चर्चचे चार फोटो आहेत,
चारही समोरून.

शाई संपलेल्या बॉलपेननं घड्या आखल्या.
डोंगरघडी, दरीघडी.
मनोऱ्याला आठ बाजू, आठवी दीड मिलिमीटर जास्त.
लाल पेन्सिलीनं लिहिलं: तेवीस, पुन्हा मोज.
चौतिसाला चिकटवायचे कानच नाहीत.
लिहिलं: हा काय हवेला चिकटायचा?
मग घुमट. कांद्यासारखा, बारा पाकळ्यांचा.
कागदाला एकाच वेळी दोन दिशांना वाकायला सांगितलं
की तो हट्टाला पेटतो.
त्याला ओठांजवळ धरून नुसती वाफ द्यायची,
लहान मुलाला ताप उतरल्यावर जवळ घेतात तसं,
आणि बोलायचं नाही.
अकरा पाकळ्या आल्या. सातवी येईना.

मंगळवारी रात्री एकसष्ट नंबर हातात आला.
उत्तरेच्या भिंतीत एक दार.
त्यामागे जिना, चौदा पायऱ्या,
एकेक नखाच्या कडेएवढी.
छप्पर बसलं की कुणालाच दिसणार नाहीत.
चारही फोटो भिंगाखाली धरले.
ती भिंत एकाही फोटोत नव्हती.
दार मोजलं: नऊ मिलिमीटर.
दीडशेनं गुणलं: एक मीटर पस्तीस.

फोन केला.
म्हटलं, ओतमार, एकसष्ट चुकलंय.
या दारातून पाद्री जाणार कसा, रांगत?
तो म्हणाला, पाद्री पुढून यायचा.
या दारातून मी जायचो, घंटा ओढायला.
म्हटलं, तरी माणसाच्या मानानं बुटकं आहे.
पलीकडे त्यानं चहा ढवळला असावा,
चमचा बराच वेळ वाजत राहिला.
म्हणाला, ब्लाझेना,
नऊ वर्षांचा होतो मी.
दार माझ्या डोक्याला टेकायचं, एवढं आठवतं.
बाकी मोजायला आता काय आहे?

मी तीस वर्षं कारखान्यात कोट बेतले,
त्यातली बारा शाळकरी पोरांचे.
बाहीत दोन बोटं दुमड जादा ठेवायची,
उसवली की कोट आणखी एक हिवाळा टिकतो.
वाढत्या अंगाचं माप.
मला म्हणायचं होतं,
तूही थोडी दुमड ठेवायची होतीस रे.
म्हटलं नाही.
म्हटलं, पायऱ्या चौदाच का?
तो म्हणाला, पंधरावी मोडकी होती, तिच्यावर कुणी पाय देत नसे.

फोन ठेवला. चौदा पायऱ्या कापल्या.
पात्याचं टोक दोनदा बदललं,
चष्मा तीनदा पुसला.
टूथपिकच्या अणीवर गोंद.
दार चिकटवलं ते किंचित उघडं,
आराखड्यात तसं नसताना.
मग छप्पर बसवलं.

कपाटावर मावत नाही आता.
दीपगृह, दोन आगबोटी, साखर कारखाना,
सगळं पांढरंफटक,
आमच्या चुकांचं एक गाव,
पहिला बर्फ पडल्यासारखं.
चर्चला जागा करायला साखर कारखाना खाली उतरवला.

सकाळी यादी पुरी केली.
तेवीस: पुन्हा मोज.
चौतीस: कान दे.
एकसष्ट: बरोबर.
आणि घुमटाची सातवी पाकळी, ओतमार,
ती मात्र नव्यानं काढ.
तिथे तुझी आठवण चालायची नाही.