सुई, वेंगुर्ल्याच्या खिडकीत

खोली बघून आलो. दोन खिडक्या.
एकीतून माड दिसतो,
दुसरीतून समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो.
भाडं आवाजासकट, बाबलशेट हसत म्हणाले,
अमावस्येपर्यंत कळवा.

अक्काताई घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती,
एका हातात चपला, दुसऱ्या हातात माझी पिशवी.
पिशवीत पेचकस, तेलाची कुपी, बॉबिनचा डबा.
मी कुठंही गेलो तरी दुकान बरोबर नेतो.
घर पण तसं नेता आलं असतं तर,
ती म्हणाली, आणि आणखी चार पावलं आत गेली.

शहापुरात चाळीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करतोय.
टाका कुठं सुटतोय ते मला
रस्त्यावरून जाताना, आवाजावरून कळतं.
आता गल्लीत आवाजच कमी झालेत.

मेहुणा म्हणतो, या की दाजी,
इथं सगळं गंजतं.
बिजागऱ्या, कुलपं, सायकली, बायकांच्या पिना.
तुम्हाला कामाला तोटा नाही.
नासाडीच्या भरवशावर
एवढ्या प्रेमानं कुणी कधी बोलावलं नव्हतं.

तसा समुद्र बेळगावात रोज पहाटे येतो,
टेंपोत, बर्फात, आंबोलीचा घाट चढून.
कँपात उतरतो तेव्हा त्याचे डोळे लाल झालेले असतात.
पाव किलो बांगडा घेताना मी विचारतो,
कसा चढलास बाबा?
तो तोंड उघडं ठेवून गप्प.
उतरायला सोपं असेल, असं धरून चालतो.

होगब्याड्री, शेजारची बसलिंगव्वा म्हणाली,
जाऊ नका.
तिच्या मशीनची शटल मी तीनदा बदलली,
पैसे दोनदाच आले.
तिसऱ्यांदाचे ती देत नाही, मी मागत नाही.
गावात माणसाला बांधून ठेवायला
एवढी उधारी पुरते.

इथं मी अजून ‘तिकडचा’.
तिकडं उतरलो की ‘घाटावरचा’.
वेंगुर्ल्याच्या स्टँडवर एका म्हाताऱ्यानं विचारलं,
खंय जातास?
आमच्या गल्लीत पण विचारतात,
कुठं जातास?
जातास दोन्हीकडं सारखंच.
फरक आहे तो फक्त ‘कुठं’मध्ये,
आणि तेवढ्यावरच मी अडलोय.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही.
पहिल्या दिवशी त्या खोलीच्या खिडकीत
मी कोरी सुई ठेवून आलो, सोळा नंबरची.
तिसऱ्या दिवशी किल्ली मागून परत गेलो.
नेढ्यापाशी तांबूस ठिपका,
मोहरीच्या निम्म्याएवढा.

बघ, अक्काताईला म्हटलं, तीन दिवसांत.
मला वाटलं, झाला निकाल.
तिनं सुई घेतली, केसांतून दोनदा फिरवली,
दोरा ओवला,
आणि माझ्या सदऱ्याचं लोंबणारं बटण
मला सदरा काढायलाही न लावता
तिथंच उभ्याउभ्या शिवलं.
पाणी लागलंय तिला, दातानं दोरा तोडत म्हणाली.
माणसाला पण आधी लागतं.
मग मानवतं.

शिवताना तिचा कान माझ्या छातीपाशी होता.
तिला काय ऐकू आलं कोण जाणे.
मशीन तर मीच ओळखतो.

परत आलो. इथं थंडी पडलीय,
सकाळी तेल कुपीत गोठतं, उन्हात ठेवावं लागतं.
ती सुई कॅलेंडरात खोचलीय, अमावस्येच्या चौकोनात.
येता जाता बघतो. ठिपका वाढत नाही.
आमच्या हवेत तो वाढणारही नाही,
हे चांगलं की वाईट,
चार दिवस राहिलेत, ठरत नाही.

काल शनिवारच्या बाजारातून अक्काताईनं
रबरी चपलांचा जोड आणला, निळा.
कशाला,
विचारलं नाही.
मापाचा आहे का, एवढंच विचारलं.
तिनं दोन्ही पाय घालून दाखवले.