दुर्बीण टेकडी

धारूरचा घाट संपतो तिथं डावीकडं कमान लागते:
दुर्बीण टेकडी स्मृतिवन. तिकीट दहा रुपये.
कमानीवर सिमेंटचे दोन मोर,
एकाची चोच गळालेली, आतली सळई बाहेर,
आता तीच चोच.

मी भूमी अभिलेखची. सत्तावीस वर्षं
लोकांचे बांध मोजतेय.
सुटीच्या दिवशी डोंगर कोण बघतं,
पण करीमचाचा म्हणाले, बाई,
आपल्या धंद्याचं हे एकच देवस्थान हाय,
रिटायर व्हायच्या आत एकदा डोकं टेकून या.

एप्रिल. तरवड तेवढा हिरवा, बाकी कुसळ.
पायऱ्यांच्या कडेला पेंग्विन, चोच वासलेली,
पोटावर लिहिलेलं: मला वापरा.
घसरगुंडी उन्हानं पांढरी पडलेली.
पाण्याच्या टाकीखाली एक सरडा
तोटीकडं तोंड करून बसलेला,
आमच्याकडं अर्जदार बसतात तसा.

वर फलक. काळा ग्रॅनाईट.
कंपनी सरकारच्या मोजणी पथकाचा इथं तळ होता
एकवीस रात्री. निजामाचा परवाना.
हत्ती किती, उंट किती,
अर्ध्या टनाचं यंत्र कसं वर चढवलं.
टेकडीची उंची फुटांत, दशांशासकट.
साहेबांची नावं तीन.
एकापुढं क्रॉस. हिवताप.
त्याच्या खाली: व इतर.

'व इतर' मी पुष्कळ वाचलंय सातबारावर.
केजच्या एका प्रकरणात
त्या दोन शब्दांतून चौऱ्याहत्तर माणसं निघाली,
एक दुबईहून फोनवर रडत होता.

चाचा फलकाच्या सावलीत बसले,
सावली गुडघ्यापर्यंतच पुरली.
आमच्या खापरपणजाला हितं दिवा धरायला बसवला होता, म्हणाले.
पल्याडच्या डोंगरावरून साहेब रातच्याला दुर्बिणीतून बघायचा.
दिवा हलला की मजुरी कापायची.
वारं सुटलं की आपला पटका सोडून
दिव्याभोवती आडोसा धरायचा, रातभर.
पंधरा कोसांवरून कुणीतरी आपल्याकडं बघतंय
एवढंच त्याला ठाऊक.
कशाला, ते नाही सांगितलं कुणी.

तुम्हाला सांगितलं का?
मी विचारलं.

चाळीस वर्षं साखळी वढली बाई.
टोक धर म्हणले, धरलं.

खूण जरा पलीकडं, उघड्या कातळावर.
एक वर्तुळ, मधोमध बिंदू.
म्हणजे असावा. वर्तुळभर शेंदूर,
नारळाच्या शेंड्या, विझलेल्या वाती.
गावात ह्याला दिवट्या म्हसोबा म्हणतात,
अवसेला गर्दी असते.
शेजारी पाटी: ऐतिहासिक खुणेस तेल वाहू नये.
पाटीवरच तेलकट बोटं पुसलेली, खूप.

चाचांनी नखानं शेंदूर खरवडला.
बिंदू निघाला. तांदळाच्या दाण्याएवढा.
एवढ्यासाठी उंट.

मला राहवेना. पर्समधून
किल्ल्यांचा जुडगा काढला, दोरा बांधला,
बिंदूवर ओळंबा धरला,
पहिल्या पोस्टिंगला शिकवलं होतं तसा.
वारा. किल्ल्या गरगर फिरतायत,
घराची, कपाटाची, ऑफिसच्या रेकॉर्ड रूमची,
एकीलाही मध्य सापडेना.
तेव्हा चाचा वाकले,
दोन्ही हातांचा आडोसा केला भोवती,
बोलले काहीच नाहीत.
किल्ल्या हळूहळू थांबल्या.
रेकॉर्ड रूमची सगळ्यात लांब,
तिचं टोक बरोबर दाण्यावर.
किती वेळ ते माहीत नाही,
माझा हात भरून आला होता
आणि सोडवत नव्हता.

मग त्यांनी खिशातून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली,
आत करडीचं तेल. चार थेंब सोडले.
चाचा, तुम्ही पण? म्हसोबाला?
म्हसोबाला कशाला, म्हणाले,
दिव्याला तेल लागतं ना.

खालून राखणदारानं शिट्टी मारली. पाच वाजले.
उतरताना बाटली पेंग्विनच्या तोंडात टाकली
तर काचेवर काच वाजली.
वाकून बघितलं.
आत तसल्याच बाटल्या,
गळ्यापर्यंत.