धरमकाटा

काट्याला धरम कोणी जोडला, माहीत नाही.
माझ्याकडे नुसता काटा आहे,
भांडेवाडीच्या फाटकापाशी पत्र्याची खोली,
आणि एक कूलर, ज्यात पाणी नसतं.

गाडी चढते.
लाल आकडे थरथरतात, थांबतात,
मी पावती फाडतो.
टनामागे पैसे.
वरून निधी निघतो तेव्हा तो नुसता कागद असतो,
पहिला हप्ता, वापराचं प्रमाणपत्र, दुसरा हप्ता;
इथवर येईतो त्याला वजन लागतं.

म्हणून ओला कचरा सगळ्यांचा लाडका.
म्हणून कधी कचऱ्याखाली माती निघते, विटा,
कोणाच्या पडक्या भिंतीचा निळा रंग.
"लिहा ना जी," मोबीन ड्रायव्हर म्हणतो,
"आपल्याले का करा लागते."
मी लिहितो.

संत्र्याच्या हंगामात साली येतात, गाड्या भरभरून.
त्या आठवड्यात मी डबा दारात बसून खातो,
उगाच, वासासाठी.

खर्र्याच्या पन्न्यांचं मात्र वजनच होत नाही.
अख्ख्या शहरानं घोटून, चघळून थुंकलेला दिवस
एका पोत्यात मावतो.
नाल्या त्यांनीच तुंबतात, नाग नदी त्यांनीच अडते,
काट्यावर शून्य.

पंचफुलाबाई गजभिये पहाटे यायची,
गाडी रिकामी व्हायच्या आत
पुठ्ठा वेगळा, लोखंड वेगळं,
बाटल्यांची बुचं वेगळी, बुचांना भाव बरा म्हणून.
एक दिवस सुपरवायझरनं हिशेब मांडला:
बाई नेते, वजन घटतं, बिल घटतं.
त्यानं पाटीवर एक शब्द लिहिला, नुकसान,
आणि फाटकाला कुलूप घातलं.

त्याच फाटकाशेजारच्या भिंतीवर
जनजागृतीच्या पैशातून रंगवलेली मुलगी हसते आहे,
हातात दोन डबे, हिरवा आणि निळा.

शेवटची गाडी गेल्यावर ती परवा आली.
"मी नेलं थे कुठी लिहता, भाऊ?"
मी रजिस्टर उघडलं.
तारीख, गाडी, प्रभाग, भरलेली, रिकामी, निव्वळ.
गेलेल्या मालाला रकाना नव्हता.

"मंग एकडाव तोलून तं पाहा."
तिनं पोतं ठेवलं.
हा काटा दहा टनांसाठी आहे बाई, म्हटलं,
वीस किलोच्या आतलं त्याला दिसत नाही.
तर ती स्वतःच वर चढली,
चप्पल काढून, देवळात शिरावं तशी.
आकडा हलला.
साठ.

मी पावती फाडली.
माल: न आलेला कचरा.
खाली सही, शिक्का.
तिनं वाचली नाही, घडी केली,
खर्र्याच्या एका रिकाम्या पन्नीत घालून कमरेला खोचली.

चव्वेचाळीसशे सतरा नंबरची पावती.
ऑडिटवाले मार्चात येतात, विचारतील.
काय सांगायचं
अजून ठरलं नाही.