सात मिनिटं, एसी बंद

बू राशिद मला बोवार म्हणतो.
अरबीत प नाही. माझ्या आडनावाचा पहिला दात
इथे बसवलेला आहे,
बावीस वर्षं बहरैनमध्ये मी तसाच हसतो.

सीफमधल्या दुकानाची मागची खोली.
भिंतींना मखमल, छताला लाकडाच्या खाचा,
मधोमध एकच खुर्ची,
समोर स्पीकरच्या दोन जोड्या:
उंच ती एकतीस हजार दिनार,
बुटकी ती नऊ.
मनात गुणाकार सुरू केला आणि सोडून दिला.
उंचीच्या पैशात गावाकडे आठ माग येतात, शेडसकट.

मला बोलावलं होतं डक्टसाठी.
हवा ऐकू येते, जिनू म्हणाला. विकणारा पोरगा, त्रिशूरचा,
गळ्यात टाय, हातात आवाज मोजायचं यंत्र.
डॅम्पर आवळला, फोम चिकटवला, पंखा हळू केला.
अठ्ठावीस डेसिबल. त्याखाली काही उतरेना.
म्हटलं, आता बंदच करतो.
ऑगस्ट आहे. सात मिनिटं मिळतील.
काय ऐकायचं ते तेवढ्यात ऐका.

मेन पाडला.
जे आलं त्याला शांतता म्हणणार नाही,
इचलकरंजीच्या माणसानं तो शब्द जपून वापरावा.
माझा डावा कान मागांनी नेला,
चौदाव्या वर्षापासून, हप्त्याहप्त्यानं.

आधी ऊद लावला. धूप नव्हे, वाद्य.
उंच जोडीवर तार, तारेवर नख,
वाजवणाऱ्याच्या नाकातला श्वास,
आणि मागे कुणीतरी
चहाचा पेला बशीत ठेवला.
बुटकीवर नुसतं गाणं. बरं होतं.
डोळे मिटावेत असं.

तिसऱ्या मिनिटाला बू राशिदनं
खिशातून पेन ड्राइव्ह काढला. बापाचा आवाज,
जुन्या कॅसेटवरून उतरवलेला.
म्हातारा मोत्यांच्या होड्यांवर गायचा,
होड्या संपल्यावर मुहर्रकच्या बैठकीत,
जाळं सांधता सांधता.

बुटकीवर म्हातारा गायला. छान गायला.
उंचीवर त्याच्या गळ्यामागे
घरघर.
टेपचा दोष आहे सर, जिनू घाईनं म्हणाला, फिल्टर टाकू.
मी बोलायला नको होतं.
टेप नाही. खिडकीचा एसी आहे.
कम्प्रेसरचं रबर गेलंय, उजव्या अंगाचं.

बू राशिदनं हात वर केला. थांब.
कॉलरखाली घाम उतरायला लागला होता.
म्हातारा एका लांब सुरावर चढला, आणि
फट्.
चप्पल.
घरघर थांबली, श्वासभर.
सूर तसाच उभा, एकटा, कशालाही न टेकलेला.
मग घरघर परत आली,
मार खाल्लेल्या पोरासारखी, जरा जपून.

असाच मारायचा तो, बू राशिद म्हणाला,
गाणं न तोडता. विसरलोच होतो मी.

सहावं मिनिट कुणी वापरलं नाही.

मग मला विचारलं, कुठली, बोवार?
मला नका विचारू साहेब, मी दीड कानाचा.
पण एकीनं म्हातारा ऐकवला,
दुसरीनं तो कुठे बसला होता ते.
तो बराच वेळ गप्प.
बुटकीवर जास्त चांगला गात होता, म्हणाला.
हो, म्हटलं. तेही खरंय.

जिनूच्या टायची गाठ भिजली होती.
मेन वर केला. हवा आली, तिचा आवाज आला,
तिघांनीही तोंडं वर केली, कोंबड्यांसारखी.
सौदा ठरला की नाही ठाऊक नाही,
मी शिडीवर होतो, उरलेला फोम गोळा करत.

रात्री वहीत तारखेसमोर लिहिलं:
सीफ, दुकान. आवाज काढला.
बारा दिनार.