तिसरा रविवार

झाब्झेच्या चर्चमागच्या खोलीत
मी गेलो होतो रेडिएटर दुरुस्त करायला.
खाण बंद पडून तो चौथा हिवाळा.

सात माणसं, कोट घालूनच बसलेली.
म्हणे फ्रान्सिसच्या वाटेवरचे प्रापंचिक.
गेरट्रुडाबाई शुभवर्तमान वाचत होत्या
चष्म्याविना, अंदाजाने;
म्हातारा आलोयझी पेंगत होता,
आणि दोघी जणी दबक्या आवाजात भांडत होत्या
चहाच्या हिशेबावरून.

व्हॉल्व्ह बसवला. नळ्यांतून पाणी खळखळलं.
मजुरीचं विचारलं, तर बाई म्हणाल्या,
"पैसे नाहीत. बसा."

बसलो.

झगा नाही, मठ नाही.
घरी बायको, बायकोचा खोकला, विजेचं बिल.
फक्त बनियनच्या आत, दोरीला
लाकडाचा एक ताऊ,
घामाने काळपट झालेला.

वाटायचं, देव बोलावतो तेव्हा
पायाखालची जमीन हलते.
जमीन हलणं आम्हाला ठाऊक आहे:
मार्च महिना, पहाटपाळी, नऊ जण.
इथे तसलं काही झालं नाही.
यादीत माझं नाव आलं, एवढंच:
मंगळवार, आलोयझीची अंघोळ.

त्याच्या पाठीत कोळसा आहे अजून,
कातडीखाली, निळा.
कितीही चोळा, निघत नाही.
"राहू दे रे," तो म्हणतो,
"इतकी वर्षं सोबत आहे. भाऊच तो."

मी साबण खाली ठेवतो.
टॉवेल रेडिएटरवर टाकलेला असतो,
तो उलटा करतो.