अडीचशेच्या खाली

पाच चादरी लागल्या.
डागाच्या, सेकंडच्या, किलोवर घेतलेल्या.
दोन भिंतींना, एक दाराला,
एक खिडकीला, आणि एक माझ्या डोक्यावर,
भर मे महिन्यात, पंखा बंद करून,
कारण पंखासुद्धा माइकमध्ये येतो.

तरी किक ड्रम ओल्या पोत्याला लाथ मारल्यासारखा.
त्याच्या अंगावर लच्छूचा बेस पसरलेला,
एका बाजेवर दोन जाडे पाहुणे.
आवाज वाढवला की दोघंही वाढतात
आणि दोघंही ऐकू येत नाहीत.

त्यात शेजारी येमूलांचे आठ माग.
त्यांची धडधड भिंतीतून नाही, फरशीतून येते.
चादर काय करणार, ती तिथूनच आलेली.
भवानी पेठेत लाइट गेली की
लोक बाहेर ओट्यावर येतात, मी आत पळतो:
माग बंद, लॅपटॉपला चाळीस मिनिटं.

त्या दिवशी लाइट आली, माग सुरू झाले,
मी टेक परत परत लावत बसलेलो.
दारातली चादर सारून नाना आले.
पस्तीस वर्षं जॉबर. कान मागांनीच खाल्ले,
हाक मारायची तर खांद्याला हात लावायचा.
"काय करलालास बे?"
मी स्पीकरकडे बोट केलं.
त्यांनी त्यावर पंजा ठेवला,
तापलेल्या मोटरवर ठेवावा तसा,
आणि डोळे मिटले.

"दोघं एकदम घुसलालेत.
ताणा उघडायच्या आत धोटा सोडला तर काय होतंय?"
धागे तुटतात, मी म्हणालो.
"धागे तुटतेत," ते म्हणाले.

रात्री बसलो.
प्रत्येक ठोक्याला बेस केसभर मागे घेतला,
ठोका गेला की पुढे.
अडीचशेच्या आसपासचा गाळ दोघांतूनही उपसला.
दुसऱ्या दिवशी किकमधली उशी काढून अर्धी चादर कोंबली,
माइक चार बोटं आत. पुन्हा लाइट जायची वाट.

मग नानांना बोलावलं.
पंजा बराच वेळ स्पीकरवर.
"आता चाललाय बरोबर," म्हणाले.
"ह्याच्यावर काय हाय? कुणी गातंय काय?"

तेवढं पंजाला कळत नव्हतं.
मी त्यांचा हात उचलून माझ्या गळ्यावर धरला
आणि पहिली ओळ म्हटली. दुसरीही.

"घाम आलाय बे तुला," नाना म्हणाले.
"पंखा लाव."